नाटेकर, नंदू

(१२ मे १९३३ – २८ जुलै २०२१). विख्यात भारतीय बॅडमिंटनपटू. पुरुष-एकेरी, पुरुष-दुहेरी व मिश्र दुहेरी या तिन्ही प्रकारांत राष्ट्रीय अजिंक्यपद वारंवार मिळविणारे खेळाडू आणि अर्जुन पुरस्काराचे पहिल्या वर्षीचे (१९६१) मानकरी. संपूर्ण नाव नंदकुमार महादेव नाटेकर. जन्म सांगली येथे. १९५६ मध्ये क्वालालुंपुर येथील सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पुरुष-एकेरीचे विजेतेपद त्यांनी मिळविले. बॅडमिंटनमध्ये परदेशी भूमीवर आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय होत. सामान्य वाचकाला त्यांचे नाव मुख्यत्वे या विजयामुळे ज्ञात आहे. तथापि त्यांच्या नावावर असलेल्या १७ राष्ट्रीय अजिंक्यपदांपैकी केवळ ६ एकेरीची आहेत. पुरुष-दुहेरीची ६ व मिश्र दुहेरीची ५ मिळून ११ अजिंक्यपदे त्यांनी जोडीदारासह मिळविली. त्यांच्या कारकीर्दीचा हा दुहेरीतील भाग संख्येने मोठा असूनही चरित्रपर लेखनात बहुधा एका वाक्यात उरकला जातो. प्रस्तुत लेखात त्याचा विशेष विचार केला आहे.

सांगली हे पटवर्धन घराण्याच्या संस्थानाचे राजधानीचे गाव. कृष्णेवरील अंकलीचा पूल ओलांडला, की उदगाव-जयसिंगपूरपासून कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याला प्रारंभ होतो. कृष्णा-पंचगंगा संगमावरील नरसोबाची वाडी आणि पटवर्धनांचेच दुसरे संस्थान असलेले कुरुंदवाड ही दोन्ही स्थाने याच तालुक्यात आहेत. हा सर्व परिसर मुख्यत्वे कुस्तीचा. कोल्हापूरच्या राजाश्रयामुळे तालीम हीच येथील क्रीडासंस्था होती आणि आखाड्यातील मातीला जो मान होता, तो रॅकेटच्या खेळांना फार उशिरा मिळाला. सांगलीने मात्र भारतीय क्रीडाक्षेत्राला दोन निराळ्या खेळांतील अग्रगण्य पुरुष दिले. क्रिकेटपटू विजय हजारे (जन्म १९१५) यांचा जन्मही सांगलीचाच. हजारे आणि नाटेकर यांच्या खेळांत साम्य शोधण्याचे कारण नाही. पण तालमींच्या या मुलखातून तंत्रशुद्धता व संयम यांबद्दल नावाजलेले दोन खेळाडू निघावेत, ही गोष्ट नोंदण्याजोगी आहे.

बॅडमिंटनचा महाराष्ट्राशी असलेला संबंध याहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या लष्करी छावणीतील इंग्रज अधिकाऱ्यांत हा खेळ रूढ झाला होता आणि १८७० नंतरच्या काही वर्षांत त्याचे प्रारंभीचे नियम पुण्यातच लिहिले गेले. त्यामुळे काही काळ त्याला ‘पूना’ असेही म्हणत. इंग्लंडमधील बॅडमिंटन संघटना १८९३ मध्ये स्थापन झाली आणि अखिल इंग्लंड स्पर्धा १८९९ मध्ये सुरू झाली. या पहिल्या स्पर्धेत पुरुष-दुहेरी, महिला-दुहेरी व मिश्र दुहेरी एवढेच तीन प्रकार होते. एकेरीचे सामने त्यात दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९०० मध्ये, घालण्यात आले. दुहेरी म्हणजे एकेरीचे एक गौण उपांग, अशी जी समजूत पुढे पसरली, तिला खेळाच्या इतिहासात आधार नाही. जाळ्याच्या दोन्ही बाजूंस जोडीने उभे राहून खेळण्याचा हा खेळ होता. एकट्याने खेळणे नंतर आले.

भारतीय बॅडमिंटन संघटना १९३४ मध्ये स्थापन झाली आणि त्यानंतर लवकरच राष्ट्रीय स्पर्धा भरू लागल्या. १९४० नंतरच्या दशकात महिलांच्या विभागात पुण्याच्या देवधर भगिनींचे वर्चस्व होते. क्रिकेटमहर्षी दिनकर बळवंत देवधर यांच्या तारा, सुंदर व सुमन या तीन कन्यांनी एकेरी व दुहेरी या दोन्ही प्रकारांत विजेतेपदे मिळविली. एका घरात, एकाच अंगणात रोजचा सराव करणाऱ्या बहिणींना दुहेरीत जो लाभ मिळतो, तो निराळा सांगावयास नको. पुरुषांच्या विभागात लाहोरचे प्रकाश नाथ १९४७ मध्ये अखिल इंग्लंड स्पर्धेच्या एकेरीत अंतिम फेरीपर्यंत गेले होते. नाटेकर यांच्या उदयापूर्वी भारतीय बॅडमिंटनची एवढी पूर्वपीठिका तयार झालेली होती.

नाटेकर यांचा आरंभीचा ओढा टेनिसकडे होता. कुमारांच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांनी त्यांना पराभूत केले व त्यानंतर ते बॅडमिंटनकडे वळले. पुढे विंबल्डनची उपांत्य फेरी दोनदा गाठणाऱ्या खेळाडूकडून झालेला हा पराभव भारतीय बॅडमिंटनच्या पथ्यावर पडला. वयाच्या विसाव्या वर्षापासून नाटेकर परदेशांत भारताचे प्रतिनिधित्व करू लागले. १९५४ मध्ये अखिल इंग्लंड स्पर्धेत त्यांनी उपांत्यपूर्व फेरी गाठली. सेलांगोरचे विजेतेपद दोन वर्षांनंतरचे. पुढे १९६३ मध्ये बँकॉक येथील किंग्ज कप आंतरराष्ट्रीय स्पर्धेतही त्यांनी एकेरीचे विजेतेपद मिळविले.

त्यांच्या खेळात शक्तीपेक्षा स्पर्शाला महत्त्व होते. मनगटाच्या अखेरच्या क्षणीच्या वळणाने फुलाची दिशा बदलणे, जोरदार फटक्याचा आविर्भाव करून फूल अलगद जाळ्यालगत सोडणे आणि डाव्या अंगाला आलेले फूल पाठहाताने मागच्या रेषेपर्यंत पोहोचविणे, ही त्यांची वैशिष्ट्ये म्हणून सांगितली जातात. त्या काळच्या रॅकेटची चौकट लाकडी असे आणि आजच्या रॅकेटच्या मानाने ती बरीच जड असे. अशा रॅकेटने पाठहाताचा लांब फटका मारावयाचा, तर केवळ दंडातील जोर पुरत नाही. फूल रॅकेटवर नेमके कोणत्या क्षणी घ्यावयाचे, याची अचूक जाण लागते. ती नाटेकर यांच्याजवळ होती. हालचालींतील सहजतेमुळे त्यांचा खेळ प्रेक्षणीय होई आणि बॅडमिंटन न खेळणारे लोकही तो पाहावयास येत.

दुहेरीचा खेळ मात्र निराळ्या गुणांची अपेक्षा करतो. क्रीडांगणाची लांबी दोन्ही प्रकारांत ४४ फूट (१३·४० मी.) असते, एकेरीत रुंदी १७ फूट (५·१८ मी.), तर दुहेरीत २० फूट (६·१० मी.). म्हणजे खेळाडू दुप्पट होतात आणि जागा मात्र तीनच फुटांनी वाढते. परिणामी मोकळी जागा शोधून फूल टाकण्याची एकेरीतील युक्ती येथे फारशी चालत नाही. प्रतिपक्षाच्या दोघांमधील बेबनाव शोधावा लागतो. फूल दोघांच्या मधोमध टाकले, की ते कोणी घ्यावयाचे याचा निर्णय क्षणार्धात करावा लागतो आणि नवख्या जोडीत तो बहुधा चुकतो.

सर्व्हिसचेही तसेच आहे. एकेरीत नाटेकर यांच्या पिढीतील खेळाडू उंच व खोल सर्व्हिस करून प्रतिपक्ष्याला मागच्या रेषेवर ढकलीत. दुहेरीत सर्व्हिसची मागील मर्यादारेषा अडीच फूट (७६ सेंमी.) अलीकडे असते. त्यामुळे उंच सर्व्हिस केल्यास प्रतिपक्षाला तडाख्याची आयतीच संधी मिळते आणि जाळ्याच्या माथ्याला घासून जाईल अशी आखूड सर्व्हिस करणे भाग पडते. आक्रमण करताना जोडी पुढे-मागे उभी राहते आणि बचाव करताना शेजारी-शेजारी. या दोन रचनांमधील अदलाबदल न बोलता, न पाहता होणे म्हणजेच चांगली जोडी जमणे होय. मिश्र दुहेरीत महिला खेळाडूने पुढे व पुरुषाने मागे असावे असा संकेत त्या काळी कटाक्षाने पाळला जाई.

गुणमोजणीची तत्कालीन पद्धत आजच्या वाचकास अपरिचित असण्याचा संभव आहे. २००६ मध्ये प्रत्येक चढाओढीला गुण देणारी २१ गुणांची पद्धत आली. त्यापूर्वी सर्व्हिस करणाऱ्या पक्षालाच गुण मिळत असे आणि पुरुषांचा डाव १५ गुणांचा असे. दुहेरीत प्रत्येक पक्षाला दोन ‘हात’ मिळत, म्हणजे एका जोडीदाराची सर्व्हिस गेली तरी दुसऱ्याची शिल्लक राहत असे. डावाच्या प्रारंभी सर्व्हिस करणाऱ्या पक्षाला मात्र एकच हात असे. तेरा-तेरा अशी बरोबरी झाल्यास डाव आणखी पाच गुणांनी वाढविण्याची मुभा होती. या पद्धतीत दीर्घ काळ गुण न बदलता खेळ चालू राहू शकत असे. अशा वेळी दोघांपैकी एकाचा धीर सुटला, तर दुसऱ्याच्या कौशल्याने फारसा बचाव होत नसे. जोडीदाराचा दुसरा हात शिल्लक आहे या भरवशावर पहिल्याने थोडे धाडस करावे, हे दुहेरीतील एक जुने शहाणपण होते. २००६ नंतरच्या नियमांत त्याला जागा उरली नाही.

मिश्र दुहेरीत नाटेकर यांचे नाव मीना शहा यांच्याशी जोडले जाते. लखनौच्या मीना शहा १९५९ ते १९६५ अशी सलग सात वर्षे महिला-एकेरीच्या राष्ट्रीय विजेत्या होत्या. १९६२ मध्ये बँकॉकच्या किंग्ज कप स्पर्धेत या दोघांनी मिश्र दुहेरीचे विजेतेपद मिळविले. त्याच वर्षीच्या अर्जुन पुरस्काराने मीना शहा यांचाही गौरव झाला. एकेरीतील विजेती असल्याने संपूर्ण क्रीडांगण सांभाळण्याची त्यांना सवय होती. त्यामुळे त्या केवळ जाळ्यापाशी उभ्या राहणाऱ्या जोडीदार नव्हत्या. मिश्र दुहेरीत दुबळ्या बाजूवर मारा करण्याचा प्रतिपक्षाचा नेहमीचा डावपेच अशा जोडीपुढे लंगडा पडतो. नाटेकर यांच्या मिश्र दुहेरीतील यशाचा विचार करताना ही बाब ध्यानात घ्यावयास हवी.

आंतरराष्ट्रीय पातळीवर दुहेरीची खरी कसोटी टॉमस चषक स्पर्धेत लागे. सर जॉर्ज टॉमस यांच्या नावाची ही पुरुषांची सांघिक स्पर्धा १९४८-४९ मध्ये सुरू झाली. त्या काळी प्रत्येक लढतीत नऊ सामने होत. त्यांपैकी पाच एकेरीचे व चार दुहेरीचे असत. एकेरीतील दोन-तीन उत्तम खेळाडूंच्या बळावर लढत जिंकणे त्यामुळे अवघड होते. १९५१-५२ च्या स्पर्धेत भारताने आंतरविभागीय फेरीत डेन्मार्कवर ६–३ अशी मात केली. पण नंतर अमेरिकेकडून ४–५ असा, म्हणजे अवघ्या एका सामन्याने, पराभव झाला. १९५४-५५ मध्ये भारताने अमेरिकेला ६–३ असे हरविले आणि डेन्मार्कपुढे ३–६ अशी हार पतकरली. दोन्ही वेळा अखेरच्या आव्हानफेरीत मलायाशी लढण्याचा मान भारताच्या हातून निसटला. अशा अटीतटीच्या लढतींत दुहेरीचा एकेक सामना किती मोलाचा होता, हे आकड्यांवरूनच दिसते.

टॉमस चषक स्पर्धांत नाटेकर एकेरीचे १६ सामने खेळले व त्यांपैकी १२ त्यांनी जिंकले. दुहेरीचेही ते १६ सामने खेळले. त्यांपैकी ८ जिंकले. १९५९, १९६१ व १९६३ या वर्षांतील स्पर्धांत भारतीय संघाचे नेतृत्वही त्यांच्याकडे होते. एकेरीत चारांपैकी तीन विजय आणि दुहेरीत दोहोंपैकी एक, ही तफावत विचार करण्याजोगी आहे. तिच्यावरून नाटेकर दुहेरीत कमी प्रतीचे होते असा निष्कर्ष काढणे सयुक्तिक ठरणार नाही. राष्ट्रीय स्पर्धांतील अकरा अजिंक्यपदे त्याच्या विरुद्ध साक्ष देतात. तफावतीचे कारण प्रतिस्पर्ध्यांत व भारतातील परिस्थितीत शोधावे लागते.

मलायाचे एडी चूंग व डेव्हिड चूंग हे सख्खे भाऊ होते. १९५१ ते १९५३ अशी लागोपाठ तीन वर्षे अखिल इंग्लंड स्पर्धेत पुरुष-दुहेरीचे विजेतेपद त्यांनी राखले. डेन्मार्कचे फिन कोबेरो व यॉर्गन हामरगार्ड हान्सेन ही जोडी १९५५ पासून जवळजवळ दहा वर्षे एकत्र खेळून त्याच स्पर्धेत वारंवार विजयी झाली. डेन्मार्क हा लहान देश. तेथील खेळाडूंना आठवड्यातून अनेकदा एकत्र सराव करता येई. भारतात मुंबई, कलकत्ता, लखनौ, पंजाब ही बॅडमिंटनची केंद्रे एकमेकांपासून आगगाडीच्या एक-दोन दिवसांच्या अंतरावर होती. त्यांपैकी दोन ठिकाणांहून निवडलेले खेळाडू शिबिरात भेटत, काही आठवडे एकत्र सराव करीत आणि स्पर्धा संपताच पांगत. मनोज गुहा व गजानन हेमाडी यांच्यासारखी टिकून राहिलेली जोडी हा अपवाद होता. शिवाय उत्तम एकेरी खेळाडूलाच दुहेरीतही उतरविण्याची प्रथा असल्याने नाटेकर यांना बहुतेक लढतींत दोन्ही प्रकारांचा भार वाहावा लागे. दोन दिवसांत एकेरीचे व दुहेरीचे मिळून चार सामने खेळणाऱ्या खेळाडूची दमछाक प्रतिपक्ष हेरीत असणार, हे उघड आहे.

त्या काळातील खेळ सर्वस्वी हौशी स्वरूपाचा होता, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. आंतरराष्ट्रीय संघटनेने खुल्या स्पर्धांना मान्यता दिली ती १९७९ मध्ये, म्हणजे नाटेकर यांची कारकीर्द संपल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. तोपर्यंत खेळावर उपजीविका करण्याची सोय नव्हती. दुहेरीच्या जोडीला तर दोघांच्या नोकऱ्या, दोघांच्या रजा व दोघांचा प्रवासखर्च यांचा मेळ बसवावा लागे. भारतातील अनेक जोड्या खेळातील मतभेदांमुळे नव्हे, तर या व्यावहारिक अडचणींमुळे मोडल्या असाव्यात.

१९६५ मध्ये नाटेकर यांनी एकेरीचे राष्ट्रीय अजिंक्यपद पुन्हा मिळविले. तेव्हा त्यांचे वय बत्तीसच्या आसपास होते आणि सुरेश गोयल, दिनेश खन्ना ही पुढची पिढी पुढे आली होती. त्याच वर्षी लखनौ येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत खन्ना विजयी झाले. १९६६ च्या किंग्स्टन (जमेका) येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत बॅडमिंटनचा प्रथमच समावेश झाला. भारतीय पथकात नाटेकर यांचा अंतर्भाव होता आणि एकेरीचे कांस्यपदक खन्नांनी मिळविले. राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय मिळून शंभरांवर विजेतेपदे नाटेकर यांच्या नावावर सांगितली जातात.

त्यांच्यानंतर महाराष्ट्रातील खेळाडूंनी दुहेरीत मिळविलेल्या यशाचा धागा तुटक असला, तरी सलग दाखविता येतो. मुंबईच्या अमी घिया यांनी महिला-दुहेरीत १२ राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली. कंवल ठाकरसिंग यांच्यासह १९७८ च्या एडमंटन राष्ट्रकुल स्पर्धांत त्यांना कांस्यपदकही मिळाले. त्यांच्याही बाबतीत एकेरीच्या सात अजिंक्यपदांचा उल्लेख आधी होतो व दुहेरीच्या बारांचा नंतर. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांत लेरॉय डिसा व प्रदीप गंधे या जोडीने पुरुष-दुहेरीचे कांस्यपदक मिळविले. वर्ध्यात जन्मलेल्या, पण हैदराबादेत घडलेल्या ज्वाला गुट्टा यांनी अश्विनी पोनप्पा यांच्यासह २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांत सुवर्णपदक व २०११ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कांस्यपदक पटकावले. एकेरीत नाव न कमावता केवळ दुहेरीच्या बळावर देशभर परिचित झालेल्या पहिल्या काही भारतीय खेळाडूंत त्यांची गणना करावी लागेल. दुहेरीला स्वतंत्र प्रशिक्षक व स्वतंत्र सराव असावा, ही मागणी त्यांनी उघडपणे मांडली आणि त्यापायी वाद ओढवून घेतले.

२०२२ मध्ये बँकॉक येथे भारताने टॉमस चषक प्रथमच जिंकला. उपांत्य फेरीत डेन्मार्कवर ३–२ अशी व अंतिम फेरीत इंडोनेशियावर ३–० अशी मात करताना मुंबईचा चिराग शेट्टी व आंध्र प्रदेशचा सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी यांनी दोन्ही वेळा आपला दुहेरीचा सामना जिंकला. आता लढतीत पाचच सामने असतात. त्यांत दुहेरीचे दोन. नऊ सामन्यांच्या जुन्या पद्धतीतील चारांच्या तुलनेत दुहेरीचे प्रमाण किंचित घटलेले असले, तरी या लढतींत ते निर्णायक ठरले. या जोडीने २०२३ च्या हांगजो आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविले व त्याच वर्षी जागतिक क्रमवारीत अग्रस्थान गाठले. दोघे वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी, एकाच प्रशिक्षणाखाली सराव करीत आले. नाटेकर यांच्या पिढीला नेमके हेच लाभले नव्हते.

नाटेकर यांचे पुत्र गौरव यांनी वडिलांनी सोडलेला टेनिसचा खेळ पत्करला. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई क्रीडास्पर्धांत लिअँडर पेस यांच्यासह पुरुष-दुहेरीचे सुवर्णपदक त्यांनी मिळविले आणि पुढे तेही अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. नंदू नाटेकर यांचे पुणे येथे २८ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी निधन झाले.